उघडतां येणारें हत्यार

बारामती-इंदापूरकडच्या घरांतून आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, एक मौजेचें दृश्य पाहावयास मिळतें. देवघरापुढें पाट मांडलेला असतो. त्यावर खुरपें, विळा, ऊसतोडीचा कोयता, इंजिनाचे पाने, पेचकस, एखाद्या जुन्या घराण्यांत आजोबांची तलवार, आणि परवाना असलेल्या घरीं बारा बोअरची दुनळी बंदूक, अशीं सर्व मंडळी हळदकुंकू लावून घेण्यासाठीं एका रांगेंत बसलेलीं असतात. आपल्या भाषेला या रांगेंत कांहींच वावगें वाटत नाहीं. सुताराच्या पटाशीला ती हत्यार म्हणते आणि शिपायाच्या बंदुकीलाही हत्यारच म्हणते.

पूजेचा हा थाट सर्वांना दिसतो. त्याच्या आदल्या दिवशीचें काम मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. पूजा करावयाची ती पुसलेल्या, तेलपाणी केलेल्या हत्याराची. कोयता नुसता घासला कीं झालें. परंतु ज्या हत्याराला पोट आहे, तें उघडल्यावांचून स्वच्छ होत नाहीं; आणि उघडलेलें पुन्हां जसेंच्या तसें मिटवतां आलें नाहीं, तर पूजा राहते बाजूलाच, हत्यारच मोडीत जातें.

श्रोतेहो, आज मला या उघडण्याचा इतिहास तुमच्यापुढें मांडावयाचा आहे. आणि तोही अशा एका हत्याराच्या संबंधांत, कीं ज्याचें नांव आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतों, पण ज्याच्या रचनेविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून क्वचितच बोललें जातें. तें हत्यार म्हणजे अर्धस्वयंचलित पिस्तूल. कोणतें पिस्तूल उघडण्यास सोपें आणि कोणतें अवघड, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिरांचा वाटेल. माझें म्हणणें असें कीं, हत्यार खऱ्या अर्थानें कोणाच्या स्वाधीन आहे, हाच प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे. आणि त्या प्रश्नाच्या आड मनुष्याच्या जिवाचा एक प्रश्न दडून बसला आहे.

आपण आपल्या घराजवळूनच आरंभ करूं. पुणें, सुपें आणि इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीचे. यांपैकीं सुपें आज बारामती तालुक्यांत येतें. त्या काळच्या पायदळाच्या खांद्यावर तोड्याची बंदूक असे. तिची लांब लोखंडी नळी लाकडी दस्त्याला कातड्याच्या वाद्यांनीं किंवा तारेच्या वेढ्यांनीं आवळून बांधलेली असे. नळी दस्त्यापासून अलग करावयाची म्हणजे तो बंध सोडावयाचा आणि काम झाल्यावर पुन्हां आवळावयाचा. हें ओबडधोबड खरें. परंतु वाद्या, लोखंडाची पट्टी आणि लाकूड हीं सारीं गांवच्या लोहार-सुताराच्या आवाक्यांतलीं होतीं. पुढें चकमकीची बंदूक आली. तिच्या चापाची यंत्रणा स्क्रूंनीं बसविलेली. आणि प्रत्येक स्क्रू कारागिरानें कानशीनें घासून त्याच्या त्याच भोंकापुरता जमविलेला. दोन बंदुकांचे स्क्रू एकमेकांत मिसळले कीं दोन्ही बंदुका रुसून बसत. यावर उपाय म्हणून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समध्यें ओनोरे ब्लांक नांवाच्या बंदूकसाजानें एकसारखे, अदलाबदल करतां येतील असे भाग बनविण्याचा प्रयोग केला. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील शस्त्रशाळांनीं तो तडीस नेला. त्या दिवसापासून बंदूक उघडणें हें खऱ्या अर्थानें निर्धास्तपणाचें काम झालें.

आपल्याकडे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें बंद झालें. परवाना मिळाला तर शेतकऱ्याच्या घरीं दुनळी येई, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं. ही दुनळी उघडण्याच्या दृष्टीनें एक आदर्श वस्तु आहे. पुढचा लाकडी हात काढला, वरचा खटका दाबून बंदूक मधोमध मोडली, कीं नळ्या, दस्ता आणि तो हात असे तिचे तीन भाग होतात. कोणतेंही अवजार लागत नाहीं. त्याहून महत्त्वाचें असें कीं, ती मोडतांक्षणींच दोन्ही नळ्यांचीं मागचीं तोंडें आपल्या डोळ्यांसमोर येतात. काडतूस असेल तर त्याचा पितळी बूड दिसतो, नसेल तर आरपार उजेड दिसतो. इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेचें वेब्ली रिव्हॉल्व्हरही याच कुळांतलें. खटका दाबून तें बिजागरीवर दुमडलें कीं सहाही घरें एकदम उघडीं पडत. येथें उघडणें आणि तपासणें या दोन क्रिया नसून एकच क्रिया होती. हा मुद्दा आपण ध्यानांत ठेवावा. शेवटीं त्याच्याकडे परत यावयाचें आहे.

आतां अर्धस्वयंचलित पिस्तुलाकडे वळूं. यांत चाप एकदां ओढला कीं गोळी एकच सुटते. परंतु तिच्याच धक्क्याच्या जोरावर रिकामें काडतूस बाहेर फेकलें जातें, मुठींतील पेटींतून नवें काडतूस नळींत चढतें आणि यंत्र पुढच्या बारासाठीं सज्ज होतें. म्हणजे हें नुसतें हत्यार नव्हे, तर मुठीएवढें एक इंजिनच आहे. आणि इंजिनाचे सर्व रोग त्याला जडलेले आहेत. इंदापूरचा माळ ज्यानें वैशाखांत पाहिला आहे, त्याला धूळ म्हणजे काय हें सांगावयास नको. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला, बारामती-इंदापूरकडे ऊस आला, पाण्यामागून इंजिनें आलीं. पण कालव्याच्या वरचा माळ कोरडा तो कोरडाच राहिला. त्या मुलखांतला कोणताही इंजिनवाला सांगेल कीं, धूळ, तेल आणि काजळी या तिघांची गांठ पडली कीं काळ्या खळीसारखी एक वस्तु तयार होते आणि ती चांगल्या चांगल्या यंत्राचे पाय धरते. पिस्तुलांत नेमकें हेंच घडतें. म्हणून तें वारंवार उघडलेंच पाहिजे.

महाराष्ट्राच्या कानीं या जातीच्या पिस्तुलाचें नांव ठळकपणें पडलें तें १९०९ सालीं. लंडनहून चतुर्भुज अमीन याच्या सामानांतून वीस ब्राउनिंग पिस्तुलें हिंदुस्थानांत आलीं होतीं. त्यांपैकीं एका पिस्तुलानें २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या प्रकरणाची राजकीय बाजू आज आपला विषय नाहीं. आपल्याला येथें एवढेंच पाहावयाचें कीं, मोठ्या शस्त्रागाराच्या भिंतींआड न राहतां एकट्यादुकट्याच्या सामानांतून समुद्र ओलांडणारें हत्यार तोंवर निर्माण झालें होतें; आणि तें निर्माण करणारांत अग्रगण्य होता जॉन ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर.

बेल्जममधील लिएजजवळच्या एर्स्ताल येथील कारखान्यानें ब्राउनिंगचें जें पहिलें पिस्तूल काढलें, तें १९०० सालचें. तें बाजारांत अतिशय चाललें. पण त्याच्या पोटांत शिरावयाचें म्हणजे पेचकस हवाच. काडतुसाचें बूड रोखून धरणारा ठोकळा वरच्या सरकत्या भागाला, म्हणजे स्लाइडला, दोन स्क्रूंनीं जोडलेला होता. पेचकस लागला, स्क्रू आले. आणि स्क्रू आले म्हणजे ते हरवणेंही आलें. पुढच्याच १९०३ च्या नमुन्यांत ब्राउनिंगनें हा दोष काढून टाकला. स्लाइड मागें ओढून खटक्यानें अडकवावयाची, नळी बोटांनीं थोडी फिरवावयाची, कीं तिचे खालचे दांते सांगाड्यांतून सुटतात आणि स्लाइड पुढें सरकून हातांत येते. केवळ तीन वर्षांत पेचकसाची जागा बोटांनीं घेतली.

जर्मनीची तऱ्हा निराळी. १८९६ सालचें माउझर पिस्तूल पाहिलें म्हणजे मला आपल्या बारामतीच्या मोरोपंतांची आठवण होते. कऱ्हेकाठीं बाबूजी नाईकांच्या आश्रयानें राहून त्या पंडितानें ज्या आर्या रचल्या, त्यांतला शब्द न् शब्द दुसऱ्यांत असा गुंतलेला कीं एकही फाजील नाहीं. पण अन्वय लावावयाचा तर पंडितच पाहिजे. माउझरची गत तीच. मुठीच्या लाकडाचा एक स्क्रू सोडला तर त्या सबंध यंत्रांत दुसरा स्क्रू नाहीं. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याला धरून ठेवतो. कारागिरी अशी कीं पाहणारानें मान डोलवावी. पण उघडून मांडलेले तुकडे परत जुळवितांना नवशिक्याला घाम फुटतो. यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी कीं, स्क्रू नसणें म्हणजे सोपेपणा नव्हे. अवजार लागत नाहीं तेथें बुद्धि जास्त लागते, असेंही होऊं शकतें.

दुसरें जर्मन पिस्तूल लुगर. जर्मन सैन्यानें तें १९०८ सालीं स्वीकारलें. नळी किंचित् मागें दाबावयाची, पुढचा खटका खालीं वळवावयाचा, बाजूची पट्टी काढावयाची, कीं नळी आणि तिच्या मागची गुडघ्यासारखी दुमडणारी यंत्रणा सबंध पुढें निघून येते. दिसावयास हें फार सुरेख. पण लुगरचे भाग एकमेकांशीं इतके काटेकोर जुळविलेले असत कीं, लहानसहान तुकड्यांवरही त्या त्या पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे आंकडे ठोकलेले असत. दोन लुगरांचे भाग एका पाटावर मिसळूं नयेत, हा त्याचा सरळ अर्थ. आपल्या चकमकीच्या बंदुकीचेंच दुखणें नव्या रूपानें येथें आलें.

याच्या उलट टोंकाला १९११ चें कोल्ट. हेंही ब्राउनिंगचेंच अपत्य, आणि अमेरिकन सैन्यानें तें १९११ पासून १९८५ पर्यंत आपलें मुख्य पिस्तूल म्हणून बाळगलें. मुठीच्या पट्ट्यांचे स्क्रू वगळले तर तें समूळ उघडण्यास वेगळें अवजार लागत नाहीं. त्याचेच कांहीं भाग दुसऱ्या भागांसाठीं अवजाराचें काम करतात. शिपायाला रणांगणावर पेचकस कोठून मिळणार, हा विचार त्या रचनेंत पावलोपावलीं दिसतो. दोष नाहींत असें नाहीं. नळीच्या तोंडाशीं असलेली टोपी दाबून कडें वळवितांना अंगठा घसरला, तर आंतली जोरकस स्प्रिंग त्या टोपीला खोलीच्या पार कोपऱ्यांत भिरकावून देते. शिवाय बाजूचा खटका परत बसवितांना नवशिक्याच्या हातून सांगाड्यावर एक कमानदार ओरखडा उठतो. तो पाहिला कीं जाणकार समजून जातात कीं येथें घाईचा हात लागला आहे. रशियाच्या तोकारेव यांनीं १९३० नंतर याच धर्तीवर पिस्तूल बांधलें, पण एक शहाणपणाची सुधारणा केली. घोडा व त्याच्या स्प्रिंगा यांचा सबंध गट त्यांनीं एकत्र उचलून काढतां येईल असा केला. सुटे तुकडे जितके कमी, तितके चिखलांत पडणारे तुकडे कमी.

ब्राउनिंग १९२६ सालीं एर्स्तालच्या कारखान्यांतच वारले. त्यांचें अपुरें काम द्यूदोने सैव्ह यांनीं पुरें केलें आणि १९३५ सालीं तेरा काडतुसांचें नवें पिस्तूल पुढें आलें. हें आपल्याला सर्वांत जवळचें. दुसऱ्या महायुद्धांत कॅनडांतील इंग्लिस कंपनीनें तें बनविलें, आणि पुढें आपल्या इशापूरच्या रायफल कारखान्यानें भारतीय सैन्यासाठीं तेंच घडविलें. आपल्या अनेक अधिकाऱ्यांच्या कमरेला तें होतें. त्यांत तोंडाशीं वळवावयाचें कडें नाहीं, उडणारी टोपी नाहीं. स्लाइड मागें ओढून अडकवावयाची, बाजूचा खटका काढावयाचा, स्लाइड पुढें घ्यावयाची. वॉल्थर कारखान्यानें १९२९ सालीं याहूनही अजब युक्ति काढली. चापाभोंवतालचें कडेंच खालीं ओढलें कीं स्लाइड मागें नेऊन वर उचलतां येते. वेगळी खीळ नाहीं, सांभाळावयाचा सुटा तुकडा नाहीं.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. रोजच्या सफाईपुरतें उघडणें वेगळें आणि समूळ उघडणें वेगळें. इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगरासारख्या ठिकाणीं ज्यांनीं साखर कारखाना पाहिला असेल, त्यांना हें चटकन् समजेल. गळिताचा हंगाम चालूं असतांना जी झाडपूस होते, ती तेथला कामगार करतो. पण हंगाम संपला म्हणजे चरकाचे अजस्र रूळ यारीनें उचलून बाहेर काढतात, सबंध कारखाना उलगडतात, आणि तें काम जाणत्या फिटरांचें असतें. पिस्तुलाचेंही तसेंच. शिपायानें चार-पांच भागांपुरतें उघडावें, पुसावें, तेल द्यावें आणि मिटवावें. त्याखालचें पोट शस्त्रागारांतील कारागिरानें पाहावें. चांगल्या रचनेची खरी कसोटी हीच कीं, या दोन कामांमधली सीमा तिनें नीट आंखलेली असावी. माउझरनें ती आंखली नाहीं. १९३५ च्या ब्राउनिंगनें आंखली.

या सोपेपणाचा कळस १९८२ सालीं ऑस्ट्रियांत झाला. गॅस्टन ग्लॉक यांचें, सांगाड्यासाठीं प्लॅस्टिक वापरलेलें पिस्तूल त्या देशाच्या सैन्यानें त्या सुमारास घेतलें. स्लाइड दोर्‍याएवढी मागें घ्यावयाची, दोन्ही बाजूंची बारीक पट्टी खालीं ओढावयाची, कीं स्लाइड, नळी, स्प्रिंग आणि सांगाडा असे चार भाग वेगळे. सराव असलेल्या हाताला कांहीं सेकंद पुरतात. पण यांत एक मेख आहे. स्लाइड सुटण्यापूर्वीं चाप ओढावाच लागतो.

श्रोतेहो, आपण जी गोष्ट ध्यानांत ठेवावयास सांगितली होती, ती आतां येथें उभी राहते. दुनळी मोडली कीं ती भरलेली कीं रिकामी हें दिसतें. पिस्तुलाचें तसें नाहीं. खालची पेटी काढून घेतली कीं मनुष्याला वाटतें, पिस्तूल रिकामें झालें. परंतु एक काडतूस पूर्वींच नळींत चढलेलें असतें आणि तें पेटीबरोबर बाहेर येत नाहीं. पेटी हातांत, पिस्तूल रिकामें अशी समजूत, आणि सफाईसाठीं ओढलेला चाप, या तीन गोष्टी एकत्र आल्या कीं अनर्थ घडतो. जगांत सफाईच्या वेळीं जे अपघात होतात, त्यांच्या मुळाशीं बहुधा हीच समजूत असते. लुगरची खोड तर याहून विलक्षण. त्याच्या चापाचा दुवा नळीच्याच बाजूला बसविलेला असल्यामुळें, नळींत काडतूस राहिलें असेल तर सांगाड्यापासून सुटी झालेली नळीही तो दुवा दाबला जातांच उडूं शकते.

कारागिरांनीं यावर उपाय शोधले. सैव्ह यांच्या पिस्तुलांत पेटी काढली कीं चाप निरुपयोगी होई. पण पेटी परत घातली कीं नळींतलें काडतूस तेथेंच वाट पाहत असे. अलीकडच्या काळांत अमेरिकेंतील स्मिथ अँड वेसन व सिग यांच्यासारख्या कारखान्यांनीं चाप न ओढतां उघडणारीं पिस्तुलें काढलीं. हे उपाय चांगलेच आहेत. तथापि खटक्याचें काम खटका करील, डोळ्यांचें काम तो करूं शकत नाहीं.

मी लहान असतांना आमच्या शेजारीं पलटणींतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहत असत. खंडेनवमीच्या आदल्या दिवशीं ते आपली दुनळी ओसरीवर घेऊन बसत आणि आम्हां मुलांना अंतरावर उभें करीत. एकदां मीं विचारलें, "तात्या, काल तर तुम्हीं रिकामी करून ठेवली होतीत, मग आज पुन्हां कशाला पाहतां?" ते म्हणाले, "बाळ, काल रिकामी होती ती काल. हत्यार रिकामं हाय असं कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही, बघायचं. डोळ्यानं बघायचं, बोट घालून बघायचं, मगच हात लावायचा." असें म्हणून त्यांनीं बंदूक मोडली, आभाळाकडे धरली, आणि मला दोन्ही नळ्यांतून उजेड दाखविला. घरांत स्वतःखेरीज दुसरें कोणी त्या बंदुकीला शिवलें नव्हतें, हें त्यांना ठाऊक होतें. तरी त्यांनीं पाहिलें.

तोड्याच्या बंदुकीपासून ग्लॉकपर्यंतचा हा प्रवास पाहिला, म्हणजे त्यांत एक सरळ ओढ दिसते. हत्याराची देखभाल लोहाराकडून कारखान्याकडे, कारखान्याकडून शस्त्रागाराकडे आणि शेवटीं तें बाळगणाऱ्याच्या दहा बोटांकडे आली. पेचकस गेला, सुट्या खिळी गेल्या, उडणाऱ्या टोप्या गेल्या. पण पूर्वीं जी जबाबदारी चार जणांत वांटलेली होती, ती आतां एकट्यावर येऊन पडली. कारागिराकडे नेलेली बंदूक तो आधीं तपासून मगच उघडी. आतां तपासणारा आणि उघडणारा एकच. म्हणून जें हत्यार उघडण्यास जितकें सोपें, तें उघडण्यापूर्वीं तितकेंच अधिक थांबलें पाहिजे. पेटी आधीं काढावी, मग स्लाइड मागें ओढून नळीचें घर उजेडांत पाहावें, आणि त्यानंतरच पुढचें काम.

खंडेनवमीला आपण हत्याराला हळदकुंकू लावतों. आदल्या दिवशीं नळींतून जो उजेड पाहावयाचा, तोही त्या पूजेंतलाच एक विधि मानावा, एवढेंच माझें सांगणें आहे.